डोळ्यांदेखत जोडलेला कॉम्प्युटर

आमच्या केजच्या घरात कुटलेली, दळलेली किंवा पुडीत बंद केलेली वस्तू विकत आणायची नाही, असा नियम होता. तो कुणी घातला ते मला सांगता येणार नाही, पण तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. मिरच्या अख्ख्या यायच्या. त्यांची देठं खुडायची, गच्चीवर जुन्या लुगड्यावर पसरून त्या खुळखुळ वाजेपर्यंत वाळवायच्या आणि मग कांडपावर न्यायच्या. बाकीच्या बायका तिथं डबा ठेवून बाजाराला जात. आमची आई जात नसे. नाकाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी काढत, ती त्या धाडधाड आदळणाऱ्या मुसळांसमोर उभी राहायची. आधीच्या बाईची हलकी मिरची आपल्यात मिसळली तर? येसराचं, म्हणजे आमटीच्या मसाल्याचं, धान्य भाजून नेलं तरी तसंच. दूधवाला म्हैस दारात आणून धार काढायचा, आणि त्याआधी अण्णा, म्हणजे माझे वडील, त्याला बादली उपडी करून दाखवायला लावायचे. तो रोज दाखवायचा. रोज बादली कोरडी असायची. तरी दुसऱ्या दिवशी अण्णा ओट्यावर येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "दाखव." त्या म्हाताऱ्या दूधवाल्यालाही त्यात काही अपमान वाटत नसावा. "डोळ्यांदेखत" हा आमच्या घरातला सगळ्यांत मोठा शब्द होता.

ओजस, परवा तू फोनवर मला काचेच्या भिंतीचं, आत रंगीत दिवे लुकलुकणारं एक खोकं दाखवलंस आणि विचारलंस, "आजी, तयार कॉम्प्युटर घेऊ की सुटे भाग आणून आपण जोडू? बाबा म्हणतात तयार घे." रेवा मागून ओरडत होती की तू नक्की काहीतरी मोडशील. मी तेव्हा "बघू" एवढंच म्हटलं. कॅलगरीत तेव्हा सकाळ होती, तुमची शाळेची घाई होती, आणि माझं उत्तर एका वाक्यात मावणारं नव्हतं. हा प्रश्न आमच्या घरात फार पूर्वी एकदा येऊन गेला आहे, आणि त्याच्यावर माझं पुढचं सगळं अवलंबून होतं. म्हणून क्रमाने लिहिते.

अण्णांची टायपिंगची संस्था होती. मुख्य रस्त्यावर एक लांबट खोली, तिच्यात दोन रांगांत मांडलेले टाइपरायटर, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालणारी ती टकटक. ती अंगणापर्यंत ऐकू यायची. तिच्या लयीवरून आई सांगायची, "आता नवी पोरं बसलीत वाटतं, अडखळत हाय." मी औरंगाबादहून इंग्रजीत एम.ए. होऊन परत आले तेव्हा ती टकटक विरळ झाली होती. मुलं कॉम्प्युटरचं विचारत होती. खोली अण्णांची आणि बापूकाकांची, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची, सामाईक होती. काकांना तिथं खत-बियाण्यांचं दुकान टाकायचं होतं आणि रब्बीच्या पेरणीच्या आत टाकायचं होतं. मला ती खोली हवी होती. तालुक्याच्या शाळेत जागा नव्हती. घरात बसून मी काय करणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि मलाही. एका संध्याकाळी जेवताना अण्णा म्हणाले, "दसऱ्याला कॉम्प्युटरची पहिली तुकडी बसली तर खोली शैलाची. नाही बसली, तर बापू, मीच शिडी लावून पाटी उतरवतो." काकांनी भाकरी मोडता मोडता मान हलवली. सौदा झाला.

मग कुठला घ्यायचा यावर वाद सुरू झाला. काका म्हणाले, घ्यायचा तर कंपनीचा, शिक्का मारलेला, खोक्यातून निघालेला. त्यांनी बीडला एका बँकेत पाहिला होता. "त्याला कुणी हात लावायचा न्हाई. बिघडला तर कंपनीचा माणूस येतो."

"कुठून येतो?" अण्णांनी विचारलं.

"पुण्याहून."

"आणि तोवर?"

"तोवर थांबायचं."

"आत काय हाय ते आपल्याला दाखवतो का?"

"कावून दाखवंल? शिक्का असतो ना त्याच्यावर, अण्णा."

अण्णांनी ताटातला हात थांबवला. प्रत्येक टाइपरायटर त्यांनी आयुष्यात कधी ना कधी पूर्ण सुटा करून, ब्रशने झाडून, परत जोडला होता. "जी वस्तू उघडता येत नाही ती आपली नसते, बापू. ती त्यांचीच असते, आपल्या घरात ठेवलेली," ते म्हणाले. आईने आमटी वाढता वाढता निकाल दिला, "कांडपासारखंच करा की. माणूस घरी बोलवा. आपल्यासमोर जोडू द्या."

असा माणूस एकच होता. रफिकभाई आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आणि आता हैदराबादहून सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून द्यायचे. त्यांच्याविषयी गावात दोन मतं होती आणि दोन्ही एकच माणूस बोलू शकत असे: हात सोन्याचा आहे, आणि नजर आपल्या मशीनच्या आतल्या चांगल्या भागावर आहे. काकांकडे उदाहरणं तयार होती. धर्मापुरीच्या कुणाचा तरी रेडिओ दुरुस्त होऊन आला तो पूर्वीपेक्षा मोठ्यानं वाजायला लागला, म्हणजे नक्कीच आतलं काहीतरी बदललं, असं ते सांगायचे. मी विचारलं, मोठ्यानं वाजला तर नुकसान काय झालं? काका म्हणाले, "तेच तर कळंना ना."

रफिकभाई सकाळच्या गाडीने खोकी घेऊन आले. उंच, पान खाणारे, आणि न विचारता बोलणारे. आमच्या घरात न विचारता बोलणाऱ्या माणसाचा पहिल्यापासून संशय यायचा. खोलीच्या मधोमध टेबलावर त्यांनी वर्तमानपत्र अंथरलं, आणि त्यांच्याभोवती आमचा पहारा बसला. अण्णा खुर्चीवर. काका दारात उभे, जणू काही कोणी पळून जाणार होतं. आई जाता-येता. आणि माझी आत्या, जिला नांदूरघाटला दिलं होतं पण जी वर्षातले बरेच महिने आमच्याकडेच असायची, ती सुपात ज्वारी निवडत अगदी टेबलाला गुडघा टेकेल इतक्या जवळ. मला रफिकभाईंच्या उजव्या हाताला बसवलं होतं. माझं काम एकच: ते जे हातात घेतील त्याचं नाव विचारायचं, ते कशासाठी आहे ते विचारायचं, आणि कुठं बसवलं ते लक्षात ठेवायचं.

"हे काय?"

"ही फ्लॉपीची ड्राइव्ह, ताई. हिच्या तोंडात चकती घालायची. चकतीवर सगळं लिहिलेलं असतं, ते वाचून मशीन जागं होतं. चकती न्हाई तर मशीन म्हणजे नुसता डब्बा."

"नवी आहे का?"

"खोकं बघा की. पॅक हाय. चिकटपट्टी तुमीच फाडा."

मी फाडली. आत पांढऱ्या थर्माकोलमध्ये ती बसलेली होती. अण्णांनी हातात घेऊन वजन केलं, काकांनी दारातूनच मान उंचावली, आणि आम्ही सगळे समाधान पावलो.

"आणि ह्या डब्ब्याच्या आत काय हाय?" आत्याने विचारलं.

"अक्कल हाय, आत्या."

"कुणाची?"

"ज्याची टाकाल त्याची."

"म्हंजे आमच्या बापूची टाकली तर?"

काका दारातून म्हणाले, "तर मशीन तुझ्यापेक्षा कमी बोलंल." रफिकभाई इतके हसले की पेचकस खाली पडला, आणि तो उचलायला ते वाकले तेव्हा अण्णा, काका आणि आत्या तिघंही एकदम वाकून बघू लागले की खाली काय करतोय.

दुपारी आईने त्यांना धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची आमटी वाढली. आत्याने त्यांच्या चहासाठी वेगळा कप काढला होता, कान तुटलेला. त्यांनी तो पाहिला, चहा प्यायले, आणि दुसऱ्या दिवशी येताना स्वतःचा थर्मास घेऊन आले. तुम्हाला तुमच्या पणजीच्या घरातलं सगळंच गोड सांगावं असं मला वाटत नाही; पहारा दोन्ही बाजूंनी होता, एवढं समजा.

काम संपलं, हिरवट अक्षरं पडद्यावर उमटली, अण्णांनी स्वतःचं नाव टाइप केलं आणि ते बराच वेळ बघत राहिले. मग रफिकभाईंनी खिशातून पातळ कागदाच्या पट्ट्या काढल्या, त्यांवर आपली सही केली, आणि कॅबिनेटच्या प्रत्येक स्क्रूवर एकेक चिकटवली.

"हे काय आता?" अण्णा म्हणाले.

"सील. हे फाटलं तर माझी जबाबदारी न्हाई. बिघडलं तर मीच उघडणार, अण्णा, दुसऱ्या कुणी न्हाई."

"म्हणजे तुमचाही आमच्यावर भरोसा नाही?"

"तुमचा हाय का माझ्यावर?" त्यांनी थर्मास काखेत मारला. "मी जरा हैदराबादला जाऊन येतो. दसरा झाला की चक्कर मारतो." काका त्या दिवशी फार खुशीत जेवले. शिक्का नको म्हणून घरी जोडलेल्या यंत्रावरही शेवटी शिक्काच बसला होता.

मी रोज सराव केला. यंत्र जागं करणाऱ्या चकतीची एक जादा प्रत करून ती आईच्या दागिन्यांच्या डब्यात ठेवली. मुलांची नावं आली. काहींचे वडील येऊन पडदा बघून गेले, एकाने मागच्या बाजूने वाकून वायरीही मोजल्या. खंडेनवमीला दरवर्षीप्रमाणे सगळे टाइपरायटर झेंडूच्या फुलांनी सजले, यंदा त्यांच्याबरोबर कॉम्प्युटरही. आई तव्यावर पुरणपोळ्या करत होती, अण्णांनी पूजा केली, आत्याने हळद-कुंकू लावलं, आणि दुपारभर खोली बंद राहिली. हत्यारांना त्या दिवशी विश्रांती असते.

दसऱ्याच्या सकाळी तुकडी बसायची होती. मुलं नवीन शर्ट घालून आली, सोबत त्यांच्यापैकी दोघांचे वडील. काकाही आले, हातात मोजायची फीत होती, दुकानाच्या फळ्यांसाठी. त्यांनी ती लपवायचा प्रयत्नही केला नाही. मी चकती घातली, ड्राइव्हच्या तोंडावरचा दांडा फिरवला, बटण दाबलं. पडदा उजळला. ड्राइव्हमधून नेहमीच्या घुरघुरीऐवजी खरवडल्यासारखा आवाज आला, आणि पडद्यावर एक ओळ उमटून थांबली. पुन्हा केलं. पुन्हा तीच ओळ.

"काय म्हणतंय?" काकांनी विचारलं. "एम.ए. ना तू? वाच की."

"चकती वाचता येत नाही म्हणतंय."

"मराठीत सांगायचं तर, फसवलं म्हणतंय." ते मुलांच्या वडिलांकडे वळले. "सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फसवून गेला बघा. आन् आता हैदराबादला बसलाय. अण्णा, शिडी कुठं हाय?"

अण्णांच्या चेहऱ्यावर मला राग दिसला नाही. दूधवाल्याची बादली एखाद्या दिवशी ओली निघाली असती तर दिसला असता तसा आपलं खरं ठरल्याचा भाव दिसला, की हे होणारच होतं. त्याचीच मला भीती वाटली. त्यांच्या संशयाला एकदा पुरावा मिळाला की ते पुढचं काही ऐकणार नाहीत, आणि दिवस मावळायच्या आत पाटी खाली येईल. मी म्हटलं, "मी उघडते."

"सील हाय त्याच्यावर," काका म्हणाले. "फाडलं तर तो हात वर करंल."

"करू द्या."

"उघडून तुला काय कळणार?"

"त्यांनी काय कुठं बसवलं ते मी बघितलंय. तेवढ्यासाठीच बसवलं होतं ना मला?" मी अण्णांकडे बघून म्हटलं. अण्णांनी ड्रॉवरमधून टाइपरायटरचा पेचकस काढून माझ्यासमोर ठेवला. तीच त्यांची परवानगी होती. वायर भिंतीतून काढून मी पट्ट्या नखाने सोलल्या, स्क्रू एका वाटीत ठेवले, झाकण उचललं. उजेड हवा म्हणून सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. मागे झाले, आत्या झाली नाही. मी ड्राइव्ह सोडवून बाहेर काढली आणि तिचं तोंड खाली करून ओढणीवर हलकेच आपटली.

तांदूळ पडले. हळदीने पिवळे, कुंकवाने ओले झालेले, आणि त्यांना चिकटलेला गुळाचा खडा.

आत्या माझ्या कानाशी वाकली. "काल मी भरवलं त्याला," ती हळूच म्हणाली. "तोंडात चकती घालायची म्हणला होता ना तो? मग म्हणलं, उपाशी कशाला. आमच्या नांदूरघाटला गिरणीवाला जात्यात पहिली मूठ टाकतो तसं." तिच्या आवाजात चूक झाल्याचा भाव नव्हता, फक्त काका ऐकतील याची धास्ती होती. मी ओढणीची घडी घातली. यंत्र का अडलं ते मला कळलं होतं, आणि मी ड्राइव्ह परत एकदा आपटली, एखादा दाणा राहिला असेल म्हणून. राहिला होता. पण तो पिवळा नव्हता. काळपट, आतून किड्याने पोखरून पोकळ झालेला, धुळीच्या लोकरीत गुंडाळलेला, आणि त्याला वाळून तपकिरी झालेलं जुनं कुंकू.

त्या यंत्राची आमच्या घरातली ती पहिलीच खंडेनवमी होती.

तो दाणा मी ओढणीच्या टोकाला गाठीत बांधला. कुठल्या तरी दुसऱ्या गावी, दुसऱ्या कुणाच्या तरी आत्याने या ड्राइव्हला आधी कधीतरी भरवलं होतं. म्हणजे ती वापरलेली होती. तिखटाची पुडी न घेणारी आम्ही माणसं, चिकटपट्टी लावलेलं खोकं बघून समाधान पावलो होतो, आणि चार जणांनी डोळ्यांत तेल घालून जुनी वस्तू नवी म्हणून बसवताना पाहिली होती. काका म्हणत होते ते खरं होतं. फक्त आज यंत्र त्यामुळे अडलेलं नव्हतं. आणि हे दोन्ही वेगळं करून त्या खोलीतल्या माणसांना पटवायला मला वेळ नव्हता. जुना दाणा दाखवला असता तर शिडी आली असती. नवे दाखवले असते तर आत्याचं आयुष्यभर हसं झालं असतं, आणि काकांनी नंतरच्या प्रत्येक दसऱ्याला ते काढलं असतं.

"काय निघालं?" अण्णांनी विचारलं.

"धूळ," मी म्हणाले.

अण्णांच्या ब्रशने आत झाडलं, टाइपरायटर पुसायच्या स्पिरिटमध्ये भिजवलेलं मऊ फडकं फिरवलं, सगळं होतं तसं जोडलं. पहिली चकती खरवडली गेली होती, म्हणून आईच्या डब्यातली जादा प्रत आणली. घुरघुर सुरू झाली. एका मुलाने टाळी वाजवली आणि वडिलांनी त्याला दटावलं. काका एकदा पडद्याकडे, एकदा माझ्या ओढणीकडे बघत फीत गुंडाळून म्हणाले, "चाललं तर चाललं. पण धुळीचा असला आवाज मी कधी ऐकला न्हाई, शैले." ते शब्दाचे पक्के होते, दुकान त्यांनी पुढे धान्याच्या मोंढ्याजवळ टाकलं. पण त्यांची ती नजर मला आजही आठवते. त्यांना कळलं होतं की मी काहीतरी ओढणीत घेऊन उठले आहे. काय, ते त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

रफिकभाई दिवाळीच्या आधी आले. मुलं बसलेली होती. त्यांनी पहिलं काय पाहिलं असेल तर स्क्रू.

"सील कावून फाडलं, ताई?"

मी मुलांना बाहेर पाठवलं आणि कागदात बांधून ठेवलेला तो काळा दाणा त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. "हा तुमच्या ड्राइव्हमध्ये होता. आमचा नाही. आमचे पिवळे होते."

त्यांनी दाणा बोटाने फिरवला. पान चघळणं थांबलं. बोलका माणूस गप्प झाला की फार म्हातारा दिसतो. "चालत हुती चांगली," ते शेवटी म्हणाले. "मीबी खोकं बघूनच घेतली. कसम."

हे खरं होतं की नाही ते मला तेव्हा कळलं नाही आणि आता तर कळण्याचा मार्गच नाही. त्यांनाही कुणीतरी फसवलं असेल. किंवा नसेल.

"घरात काय सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"धूळ होती म्हणून."

"म्हंजे माझ्यासाठी खोटं बोलल्या?"

"तुमच्यासाठी नाही. खोलीसाठी."

त्यांनी मान डोलावली, जणू हे कारण त्यांना जास्त पटलं. "ही काढून द्या. हैदराबादला दाखवतो, बदलून आणतो."

"दुसरी आणा. तोवर ही इथून हलणार नाही."

"इतकाबी यकीन न्हाई?"

"नाही."

ते हसले, आल्यापासून पहिल्यांदा, आणि पायऱ्या उतरून गेले. मला वाटलं, आता हा माणूस काही परत येत नाही. दिवाळी झाली. सील फाडल्याचं रफिकभाई काय म्हणाले, असं अण्णा विचारायचे, मी काहीतरी सांगायचे. मग एका दुपारी रफिकभाई दारात उभे राहिले, काखेत खोकं. ते त्यांनी टेबलावर न ठेवता सरळ माझ्या हातात दिलं. मी चिकटपट्टीला नख लावणार तोच ते म्हणाले,

"पट्टीकडं नका बघू, ताई. आधी तोंडात बघा."

मी ड्राइव्ह बाहेर काढली, खिडकीपाशी नेली, आणि उन्हात तिरकी धरून आतपर्यंत बघितलं. मग उलटी करून ओढणीवर आपटली. पुन्हा एकदा आपटली. ते हाताची घडी घालून, घाई न करता, थांबले होते. काही पडलं नाही. त्यांनी पेचकसासाठी हात पुढे केला, पण तो मी आधीच उचलला होता.